मुस्लिम विवाहातील परधर्मीय रूढी

इस्लामी विवाह (निकाह) हा वधूवरांमधील करार असून प्रस्ताव व स्वीकृती (इजाब–कबूल), सुन्नी मतानुसार दोन साक्षीदार आणि वराने वधूस द्यावयाचे मेहर ही त्याची प्रमुख अंगे होत. विवाहानंतर वरपक्षाने दिलेले भोजन (वलीमा) सुन्नत समजले जाते. यांपलीकडील समारंभात स्थानिक रूढींना वाव राहतो. शेजारच्या धर्मीयांकडून आलेल्या रूढी कितपत ग्राह्य, हा प्रश्न त्यातूनच उद्‌भवतो.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांसह दख्खनच्या बऱ्याच भागात अत्तार, तांबोळी, बागवान, मुलाणी इ. मुस्लिम समाज मराठी वातावरणात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. मांडव, हळद, मेंदी, बांगड्या भरणे, वरात तसेच वधूच्या गळ्यातील काळ्या मण्यांचा लच्छा या रूढी दख्खनी मुस्लिमांत आढळतात. जाफर शरीफ यांच्या कानून-ए-इस्लाम या ग्रंथाचे हर्क्लॉट्सकृत इंग्रजी भाषांतर १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दख्खनी विवाहविधींचे तपशीलवार वर्णन आहे.

या रूढींचा विचार मुख्यतः दोन तत्त्वांच्या आधारे होतो. जो एखाद्या समाजाचे अनुकरण करतो तो त्यांच्यातलाच, या आशयाचे वचन अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात असून इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी त्यावर विशेष भर दिला. उलटपक्षी, लोकव्यवहारातील गोष्टी निषेध सिद्ध होईपर्यंत अनुज्ञेय असतात, असे अनेक विधिज्ञ मानतात. रूढी (उर्फ) निर्णायक ठरू शकते, हे सूत्र ऑटोमन साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या विधिसंहितेतही (१८६९–७६) अंतर्भूत आहे.

त्यामुळे निर्णय रूढीच्या उगमापेक्षा तिच्या अर्थावर अवलंबून राहतो. अग्नीला प्रदक्षिणा किंवा देवतापूजन ही परधर्मीय उपासना असल्याने त्याज्य ठरते. लच्छा केवळ अलंकार म्हणून घातल्यास अनेकांची हरकत नसते. तो पतीच्या आयुष्याचे रक्षण करतो, अशी श्रद्धा मात्र अमान्य होय. हळदीबाबत मतभेद आहेत. नवविवाहित अब्दुर्रहमान बिन औफ यांच्या अंगावर पिवळ्या सुगंधी द्रव्याची खूण पाहून पैगंबरांनी चौकशी केली व वलीमा देण्यास सांगितले, असे बुखारी यांच्या हदीससंग्रहात नमूद आहे. काही विद्वान यात मुभा पाहतात. इतरांच्या मते तो रंग वधूकडून लागला असावा, कारण पुरुषांना केशर लावण्याची मनाई करणारी वचनेही आहेत. मौलाना अश्रफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी विवाहातील रूढींवर कठोर टीका केली. त्यांचा मुख्य रोख उधळपट्टी, कर्ज आणि रूढींना धर्मकर्तव्याइतके बंधनकारक मानणे यांवर होता.

सर्वांत गंभीर प्रश्न हुंड्याचा आहे. कुराणाच्या चौथ्या सूरेतील चौथ्या आयतीनुसार मेहर स्त्रियांना द्यावयाचे असते. हुंड्यात धनाचा ओघ नेमका उलटा होतो. मेहर नाममात्र ठरवून वा थकवून वधूपित्याकडून रोकड व वस्तू घेतल्यास वधूचा हक्क बुडतो आणि तिचे माहेर कर्जात लोटले जाते. १९३७ च्या शरीयत अधिनियमाने विवाह, मेहर इ. बाबतींत रूढीऐवजी मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू केला. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक अधिनियमाने मेहर हुंड्याच्या व्याख्येतून वगळले. तथापि हुंडाबंदी मुस्लिमांनाही लागू आहे. अशा रीतीने हळद व लच्छा यांबाबत मतभिन्नतेला जागा असली, तरी वधूपक्षाकडून हुंडा मागण्यास धर्मशास्त्र वा कायदा यांपैकी कशाचाही आधार मिळत नाही.