रेसिंगच्या जुन्या सूटचं जॅकेट: आपल्या टेलरांच्या कामाची गोष्ट

माणमध्ये राहणाऱ्यांना गाड्यांचं नवल नाही. तेव्हा चाकणला बनत असलेल्या पोलो गाडीच्या शर्यतींची मालिका फोक्सवॅगनने 2010 साली भारतात सुरू केली होती. पण शर्यतीत ड्रायव्हर घालतो त्या सूटचं पुढे काय होतं, हा विचार आपण सहसा करत नाही. परदेशात काही कारागीर असे जुने सूट उसवून हाताने जॅकेट आणि बॅगा बनवतात. आपल्या घराघरात शिलाई मशीन आहे, म्हणून हे काम समजून घ्यायला हवं.

सूट बाद का होतो?

हा सूट बहुतेक वेळा नोमेक्सचा असतो. हे कापड आगीत वितळून अंगाला चिकटत नाही, काळं पडून जाड होतं. शिवायचा दोराही आग सोसणारा लागतो. खांद्यावरच्या पट्ट्या शोभेच्या नसतात, त्यांना धरून ड्रायव्हरला गाडीतून बाहेर ओढतात. 2020 साली बहारीनच्या शर्यतीत रोमां ग्रोजाँ पेटत्या गाडीतून जिवंत बाहेर आला, त्यात या कपड्यांचा मोठा वाटा होता. म्हणूनच नियम कडक आहेत. मुदत संपली की सूट शर्यतीत चालत नाही, पण कापड बऱ्याचदा मजबूत असतं.

काम कसं करायचं?

आधी तेलाचे डाग धुवावेत. ब्लीच लावू नये, धागा कमजोर होतो. उन्हानेही कापड खराब होतं, म्हणून सावलीत वाळवावं. कापण्याआधी शिवण उसवावी, म्हणजे मोठे तुकडे मिळतात. दोन-तीन थर असल्यामुळे जाड सुई आणि लांब टाका लागतो. पाठीवरचा ताणणारा भाग जॅकेटच्या बगलेत छान बसतो.

धारावीचं उदाहरण

2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर धारावीतल्या अनेक चामडे कारागिरांची रोजी गेली. सुधीर राजभर यांनी तिथल्या दलित आणि मुस्लिम कारागिरांना सोबत घेऊन रिसायकल केलेल्या रबरापासून बॅगा बनवल्या. ब्रँडचं नाव ठेवलं ‘चमार’. जो शब्द शिवी म्हणून वापरला जायचा, तो मानाने लेबलवर आला. माल टाकाऊ होता, किंमत मिळाली ती हुनराला.

सौदा करताना

उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. घरी बसून काम करणाऱ्या आपल्या बहिणींनी उसवण्याची मजुरी वेगळी धरावी, नाहीतर नफा दुसऱ्याचा आणि पाठदुखी आपली. सूटवर कंपन्यांचे लोगो असतात, ते विकण्याआधी टीमची लेखी परवानगी घ्यावी. आणि एक गोष्ट कधीच लपवू नये: कापून शिवलेलं जॅकेट आगीपासून वाचवेलच, याची खात्री उरत नाही. मालातला दोष गिऱ्हाइकाला आधी सांगणं ही आपल्या दीनचीच शिकवण आहे.

रसूलुल्लाह (स.अ.) आपले कपडे स्वतः शिवत, असं हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत येतं. इस्राफ टाळणं आणि हाताने कमावणं आपल्याला नवं नाही. मुलगी शिवणकाम शिकत असेल, तर तिला फॉल-पिकोवरच थांबवू नका. उसवणं, कापणं, हिशेब आणि लेबलवर स्वतःचं नाव, हे सगळं तिला शिकू द्या.