पाणीच कॉइल

संपादकांचा निरोप एवढाच होता: तापवून, श्वासातून औषध देणाऱ्या यंत्रांवर लिहा. मी तयारीनं नांदेडला गेलो, शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या परिसरात हिंडलो, चरकसंहितेची पानं चाळली. अडकलो मात्र लातूरला. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यांतल्या एका रस्त्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात, वाफेच्या मशीनपाशी. तेच ते. सर्दी झाली की माळ्यावरून काढायचं, डोक्यावर टॉवेल घ्यायचा.

दुकानदार मामांनी झाकण उघडून दाखवलं. आत धातूच्या दोन पत्र्या समोरासमोर, मध्ये बोटभर फट. मी विचारलं, "कॉइल कुठाय?"

"कॉइल नसतीच ह्याला. पाणीच कॉइल."

या उत्तरावर मी तासभर त्या दुकानात बसलो. गिझरमध्ये, इस्त्रीत तार तापते आणि ती दुसऱ्याला तापवते. इथं 230 व्होल्टचा प्रवाह एका पत्रीवरून दुसरीवर थेट पाण्यातून जातो आणि पाणी स्वतःच तापून उकळतं. पाणी पत्र्यांच्या खाली उतरलं की वाट तुटते, मशीन आपोआप गप्प. ना थर्मोस्टॅट, ना सेन्सर. इतकी काटकसर केलेलं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या काटकसरीची किंमत पुढे येईलच.

निम्मी गिऱ्हाइकं म्हणे 'मशीन बिघडलं' म्हणून येतात आणि बिघडलेलं काहीच नसतं. घरात जारचं पाणी आलं, त्यातले क्षार गेले, प्रवाह वाहायला काही उरलं नाही. चिमूटभर मीठ टाकलं की मशीन चालू. बोअरच्या पाण्याला मीठ लागत नाही. पण त्याच पाण्याचा पांढरा थर पत्र्यांवर साचतो आणि तो लिंबानं, नाहीतर व्हिनेगरनं काढावा लागतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. इथं पाण्याची चव जिभेला कळतेच, मशीनलाही कळते.

मीठ जास्त पडलं तर? मामांनी नुसती मान हलवली. प्रवाह वाढतो, पाणी उसळून बाहेर येतं, कधी घरातला एमसीबी पडतो.

आता औषधाचं. मीठ भांड्यातच राहतं, वाफेबरोबर येत नाही. दम्याच्या बहुतेक औषधांचंही तसंच. निलगिरी, पुदिन्याचा मेंथॉल, ओव्याचा थायमॉल उडणारे, म्हणून तेवढेच नाकापर्यंत पोहोचतात. शिवाय फुफ्फुसात खोल जायचं तर थेंब साधारण 1 ते 5 मायक्रॉनचा हवा. त्याहून बराच मोठा असला तर नाकाघशातच थांबतो. म्हणून दवाखान्यातला नेब्युलायझर तापवत नाही, हवेच्या झोतानं औषध फोडतो. तापवून औषध देणं अशक्य मात्र नाही. अमेरिकेत 2012 साली मान्यता मिळालेल्या एका उपकरणात लोक्झापिन या औषधाचा पातळ थर सेकंदभराच्या आत तापतो, वाफ होते आणि थंड होताना तिचे योग्य मापाचे कण बनतात. तापवणं सोपं, अवघड असतं ते नेमकं थांबणं आणि नेमकं निवणं.

आणि हे चरकाला ठाऊक होतं, म्हणून मी नांदेडची पानं टाकून दिली नाहीत. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात औषधी धूर ओढायच्या नळीची मापं आहेत: रोजच्या धूमपानाला 36 अंगुळं, स्नेहनाला 32, विरेचनाला 24. नळी सरळ, तिला तीन पेरं, टोकाचं छिद्र बोराच्या बीएवढं. कारणही दिलंय: लांबून आलेला, पेरांत अडलेला, नळीत बारीक झालेला धूर इंद्रियांना बाधत नाही. धूर निववायचा आणि जड कण वाटेतच गाळायचे, असाच अर्थ मी लावतो. आमच्या प्लास्टिकच्या भांड्यात तोंड आणि उकळतं पाणी यांत वीतभर अंतर.

मग सुधारलेलं मशीन इथंच का बनू नये? नांदेडजवळ विष्णुपुरीला 1981 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पोरं हुशार आहेत. अडचण कायद्यापासून सुरू होते. 2019 चा ई-सिगारेट बंदी कायदा निकोटिनपुरता नाही. पदार्थ तापवून श्वासात घ्यायचा फवारा तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, निकोटिन असो वा नसो, त्याच्या व्याख्येत येतं. सुटका 1940 च्या औषध कायद्याखाली परवाना असलेल्यांची. नाहीतर पहिल्याच गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी मला पटते, व्याख्येचं जाळं मात्र फार रुंद वाटतं.

पण जाळं रुंद का असावं, तेही बघा. त्याच वर्षी अमेरिकेत व्हेपच्या तेलात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलं गेलं. फेब्रुवारी 2020 पर्यंत फुफ्फुसांना इजा झालेले 2,800 हून अधिक रुग्ण, 68 मृत्यू. गोळीतून पोटात गेलेलं व्हिटॅमिन चालतं, तापून फुफ्फुसात गेलेलं चालत नाही. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' म्हणून कुठलंही तेल तापवणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

आणि ती काटकसरीची किंमत. कोविडच्या पहिल्या लाटेत वाफ घेताना भाजलेल्या मुलांबद्दल बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. आपल्या मशीनमध्ये तर पाण्यातच वीज खेळते. तेव्हा एवढं करा: मीठ टाकायचं असो की पाणी बघायचं, आधी पिन काढा. आणि मुलाच्या मांडीवर हे भांडं कधीच ठेवू नका.