पोट उडते आहे, मोजून पाहू

चिखलदऱ्यासारख्या उंचावरच्या गावी पावसाळ्यात आणि थंडीत दवाखान्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा कानी येते : "बाळाचे पोट उडते आहे." आईचे हे निरीक्षण अगदी बरोबर असते. तान्ह्या बाळाच्या बरगड्या मऊ आणि जवळजवळ आडव्या असतात, म्हणून त्याचा श्वास मुख्यतः छाती व पोट यांमधल्या श्वासपटलावर चालतो. फुप्फुसाला त्रास झाला की पोट जोराने वरखाली होते. चुकतो तो निष्कर्ष. आजार पोटाचा समजला जातो. मेळघाटात पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला 'डंबा' म्हणतात. २०२५ साली याच तालुक्यात जेमतेम तीन आठवड्यांच्या बाळाला असे चटके दिल्याचे उघडकीस आले.

अशा वेळी जाणती परिचारिका आधी काय करते? बाळाला हात लावत नाही! ते आईच्या मांडीवरच असू देते आणि चार गोष्टी पाहते : मूल आपल्याकडे बघते का, मलूल आहे का, श्वास घेताना त्याला कष्ट पडतात का, कातडी फिकट वा निळसर दिसते का. मग अंगडे वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे येथे चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास मुळातच अनियमित असतो. रडणाऱ्या मुलाचाही मोजून उपयोग नाही.

दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास असले, तर खोकला झालेल्या मुलाला न्यूमोनिया असण्याचा संभव धरतात. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध न ओढणे, झटके येणे ही त्याहून गंभीर लक्षणे. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये. अति कुपोषित मुलाला न्यूमोनियातही ताप येत नाही असे पुष्कळदा घडते.

मूल इतक्या झपाट्याने का खालावते, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. नळीतून संथ वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. बाळाच्या श्वासमार्गाची त्रिज्या २ मिलिमीटर धरली आणि आतून १ मिलिमीटर सूज आली, तर विरोध सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या ५ मिलिमीटर त्रिज्येला तीच सूज आली, तर अडीचपटही होत नाही. हे गणित नववी-दहावीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेता येईल.

मोजण्याचे काम डॉक्टरच करू शकतो असे नाही, हे आपल्याच विदर्भात सिद्ध झाले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकवले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : त्या गावांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८.१, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत अशा दाईंसाठी त्यांनी एक मणीयंत्रही बनवले. त्यात एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी असतात. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया.

चिखलदऱ्याहून मूल परतवाड्याकडे हलवायचे तर घाट उतरावा लागतो. वाटेत त्याला उबदार ठेवायचे, आईच्या कुशीतच न्यायचे, प्राणवायू असल्यास चालू ठेवायचा आणि श्वास पुन्हा पुन्हा मोजायचे. येथे एक फसगत होते. मघाशी ७० असलेला आकडा ३० वर आला, मूल शांत झाले, की सोबतच्यांना हायसे वाटते. मूल डोळे उघडून दूध मागत असेल तर ते खरेच सुधारले आहे. हाक मारूनही बघत नसेल, तर श्वासाचे स्नायू थकले आहेत, आणि हाताशी मिनिटेच उरली आहेत.