अकरावीच्या वर्गातील जीवशास्त्र : इंदूरच्या विद्यार्थ्यापुढील वाट

दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर इंदूर शहरातील, तसेच महू, सांवेर व देपालपूर या तहसिलींतील पुष्कळ विद्यार्थी अकरावीस जीवशास्त्र हा विषय घेतात. त्यामागील हेतू बहुधा वैद्यकीय शिक्षणाचा असतो. परंतु वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच अनेकांचा धीर खचतो. दहावीपर्यंत विज्ञानात चांगले गुण मिळविणारा विद्यार्थी पहिल्या चाचणीत मागे पडतो आणि हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, अशी स्वतःची व पालकांची समजूत करून घेतो. ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. या वर्गात काय अपेक्षित आहे, हे आरंभीच कळले तर ती टाळता येते.

विषयाचे स्वरूप

महाराष्ट्रात अकरावी व बारावीचे वर्ग कनिष्ठ महाविद्यालय म्हणून ओळखले जातात; इंदुरात ते उच्चतर माध्यमिक शाळेचाच भाग असतात. दहावीच्या विज्ञानात जीवशास्त्राच्या वाट्यास थोडीच प्रकरणे येतात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या 2023 च्या सुधारित पाठ्यपुस्तकांत मात्र जीवशास्त्राची अकरावीस 19 व बारावीस 13 प्रकरणे होती. अकरावीत सजीवांचे वर्गीकरण, वनस्पती व प्राणी यांची रचना, पेशी, वनस्पतींचे व मानवी शरीराचे कार्य हे विभाग येतात. बारावीत प्रजनन, आनुवंशिकता व उत्क्रांती, मानवी कल्याण, जैवतंत्रज्ञान आणि परिस्थितिविज्ञान. शंभर गुणांपैकी 70 लेखी परीक्षेस व 30 प्रात्यक्षिकास असतात. अभ्यासाचा भार वाढतो हे खरे. पण खरा बदल भाराचा नसून रीतीचा आहे. 'काय आहे' एवढ्यावर न थांबता 'कसे घडते' आणि 'कशावरून' हे प्रश्न येथे विचारले जातात.

शब्दांची अडचण

पहिली अडचण शब्दांची. इंदूरच्या मराठी घरातील मुलास ती दुहेरी असते. मराठीत ज्यास 'पेशी' म्हणतात त्यास हिंदी पाठ्यपुस्तकात 'कोशिका' म्हटले जाते; आणि हिंदीतील 'पेशी' म्हणजे मराठीतील 'स्नायू' होय. मराठीतील 'चेतापेशी' हिंदीत 'तंत्रिका कोशिका' होते. वडीलधाऱ्यांनी घरी मराठीतून समजावून दिलेला धडा शाळेत उलटा भासतो, तो यामुळे. इंग्रजी माध्यम घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे तिसरा शब्द उभा राहतो. अशा वेळी वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने आखून तिन्ही भाषांतील संज्ञा शेजारी शेजारी लिहीत गेल्यास काही महिन्यांत ही अडचण पुष्कळशी दूर होते.

शास्त्रीय नावांचा उपयोगही याच ठिकाणी ध्यानात येतो. मराठीत 'पळस' म्हणतात त्या झाडास माळव्यातील हिंदी बोलणारे 'ढाक' म्हणतात, तर त्याच्या फुलांस 'टेसू'. शास्त्रात मात्र त्याचे नाव 'ब्यूटिया मोनोस्पर्मा' हे एकच. स्वीडनच्या लिनियसने 1753 साली वनस्पतींसाठी रूढ केलेली ही द्विनाम पद्धती अकरावीच्या पहिल्याच प्रकरणात येते. ही नावे पाठांतराचे ओझे नसून, भाषा वेगळी असली तरी वस्तू एकच आहे याची हमी आहेत, असे शिक्षकांनी सांगितल्यास विद्यार्थ्यांची भीती कमी होते.

प्रयोगशाळेत

प्रात्यक्षिकाचे 30 गुण सहज मिळणारे मानले जातात व त्यामुळेच दुर्लक्षित राहतात. मागील वर्षीच्या विद्यार्थ्याची वही उतरवून काढण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. तिच्यामुळे गुण कदाचित मिळतात, पण विषय हातून जातो.

वास्तविक या वर्गातील बरेचसे प्रयोग साध्या साहित्यावर होतात. सोललेल्या बटाट्यात खळगा करून त्यात साखरेचे दाट द्रावण भरावे, द्रावणाच्या पातळीवर टाचणी खोचावी व बटाटा पाण्यात ठेवावा. काही वेळाने पातळी टाचणीच्या वर चढलेली दिसते. यास परासरण म्हणतात. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. तेथेही तेच तत्त्व. फरक इतकाच, की बटाट्यात पाणी आतील द्रावणाकडे जाते आणि फोडींतून ते बाहेरील मिठाकडे येते. कांद्याच्या कोवळ्या मुळांची टोके रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली असता पेशींचे विभाजन पाहता येते. आकृती पेन्सिलीने काढावी व जे दिसले तेच काढावे. पुस्तकातील सुबक आकृतीपेक्षा स्वतः पाहिलेली वेडीवाकडी आकृती तोंडी परीक्षेत अधिक उपयोगी पडते, कारण तिच्याविषयी विचारलेल्या प्रश्नास उत्तर देता येते.

या रीतीची परंपरा मध्य प्रदेशास नवी नाही. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील 16 माध्यमिक शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे, असा कार्यक्रम सुरू झाला. 1978 मध्ये तो जिल्हाभर व पुढे इतर जिल्ह्यांतही गेला आणि 2002 साली बंद झाला. त्यातील परीक्षेत पुस्तक जवळ ठेवण्यास मुभा असे. कारण तपासावयाचे होते ते स्मरण नव्हे, तर विचार.

इंदूरचा खड्डा

इंदूरच्या विद्यार्थ्यास याहून जवळचे उदाहरण आहे. शहरातील वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक म्हणून अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात काम केले. तेथे त्यांनी व त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली व 1931 साली पुस्तकरूपाने मांडली. ती आज जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. सुमारे 30 फूट लांब, 14 फूट रुंद व 2 फूट खोल खड्ड्यात थर रचावयाचे, ओल राखावयाची, तीन वेळा चाळवावयाचे. साधारण तीन महिन्यांत खत तयार. आरंभी ढिगाचे तापमान 65 अंश सेल्सियसच्या आसपास चढते व हळूहळू 30 पर्यंत उतरते.

हे तापमान कोठून येते? असंख्य बुरशी व जीवाणू कचऱ्यावर जगतात, श्वसन करतात आणि त्या श्वसनातून उष्णता बाहेर पडते. ओल लागलेले धान्य कोठारात तापते ते बऱ्याच अंशी याच कारणाने. ढीग दाबला गेला वा पाणी अधिक झाले तर हवा मिळत नाही व दुर्गंधी सुटते. बारावीच्या परिसंस्थेच्या प्रकरणातील 'विघटन' हा विषय विद्यार्थी पाठ करतो. या खड्ड्यात तो त्यास हाताने चाळवता येतो. शाळेच्या आवारात लहानसा ढीग करून प्रयोगशाळेतील तापमापकाने रोज एका ठरावीक वेळी नोंद घेतल्यास प्रकल्पाची वही प्रामाणिकपणे भरते. अंगातील ताप मोजण्याचा तापमापक मात्र येथे वापरू नये. लहान ढीग फारसा तापत नाही, कारण त्याची उष्णता लवकर निघून जाते. तसे का, हाही एक प्रश्नच आहे.

पालक व शिक्षक यांच्यासाठी

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे असतात, म्हणून अकरावीपासूनच केवळ प्रश्नसंचांकडे धाव घेतली जाते. प्रवेश मात्र थोड्यांनाच मिळतो. उरलेल्यांनी दोन वर्षे वाया गेली असे मानणे, ही या विषयाच्या शिक्षणातील सर्वांत मोठी हानी होय. 1891 साली स्थापन झालेले होळकर महाविद्यालय, शहरातील कृषी महाविद्यालय, परिचर्या व औषधनिर्माण यांचे अभ्यासक्रम, आणि स्वतःची शेती, या साऱ्या वाटा याच वर्गातून जातात. पाहणे, नोंदणे आणि कारण विचारणे ही सवय ज्यास लागली, त्यास यांपैकी कोणत्याही वाटेवर तिचा उपयोग होतो.

पहिल्या चाचणीतील गुण पाहून विषय बदलण्याचा निर्णय पालकांनी घाईने घेऊ नये. विद्यार्थ्यास शब्द अडतात, की कल्पना अडते, हे आधी शिक्षकांना विचारावे. शब्द तीन रकान्यांनी सुटतात; कल्पना बटाट्याने, कांद्याने आणि कचऱ्याच्या ढिगाने सुटते. दोन्ही उपाय शहरातील मोठ्या शाळेइतकेच देपालपूरकडील खेड्यातील शाळेतही करता येण्यासारखे आहेत.