पाण्यातल्या अंगठीचा माग

१८८१ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या देहात रुतलेली गोळी हुडकण्यासाठी, टेलिफोनचा जनक म्हणून ख्याती पावलेल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने जे विद्युत-यंत्र व्हाइट हाउसमध्ये नेले, त्याच्याच वंशात पुढे समुद्रतळी हरवलेल्या विवाहमुद्रिका शोधणारी उपकरणे निपजतील, अशी कल्पना त्या प्रसंगी कोणाच्या मनाला शिवली असण्याचा संभव नाही. बेलचा तो प्रयत्न फसला. गोळी खोल होती, चिकित्सकांनी शोध उजव्या अंगापुरताच मर्यादित ठेवला होता आणि रुग्णशय्येत पोलादी तारांचे जाळे होते, ही गोष्ट मागाहून उजेडात आली. गारफील्ड सप्टेंबरात निवर्तले. तथापि या विद्येची कायमची अडचण त्या एका अपयशातच प्रकट झाली होती : धातू आहे एवढे यंत्राला उमगते, हवा तो धातू कोणता आणि नको तो कोणता, हे उमगणे दुर्घट.

पुढे जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेल्या गेरहार्ड फिशर या अभियंत्याने, विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ-साधनांवर काम करीत असता, भूमीतील धातुमय खडकांमुळे त्यांत दोष उद्भवतात हे हेरले आणि त्या दोषालाच कामाला जुंपून, हाती वागवण्याजोगे धातुशोधक यंत्र सिद्ध केले. त्याचे एकस्व त्याला १९३७ मध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा सेनाधिकारी युझेफ कोसात्स्की याने स्कॉटलंडमध्ये सुरुंगशोधक यंत्र घडवले आणि १९४२ मध्ये अल् अलामीनच्या वाळूत ते उपयोगी पडले. युद्ध संपल्यावर लष्करी कोठारांतील असली यंत्रे हौशी लोकांनी विकत घेतली, आणि संहारासाठी पुरलेल्या वस्तू शोधणाऱ्या साधनाने अनवधानाने सांडलेल्या वस्तू शोधण्याचा पायंडा पडला.

१९६४ मध्ये टेक्सासात चार्ल्स गॅरेट यांनी आपला कारखाना काढला. ट्रान्झिस्टरमुळे यंत्रांचे वजन उतरले. आणि सुटीच्या दिवशी कानांना श्रवणी लावून पुळणीवर फिरणारे शोधक दृष्टीस पडू लागले. परंतु नेमक्या त्याच दशकात, ओहायोच्या अर्मल फ्रेझने शोधलेली, ओढून काढून फेकून देण्याची ॲल्युमिनियमची कडी बिअरच्या नि सरबतांच्या डब्यांवर आली, आणि १९७५ च्या सुमारास डब्यालाच जडून राहणारी कडी निघेपर्यंत समुद्रकिनारे तिच्या कचऱ्याने भरून गेले. यंत्राचे वेटोळे चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यायोगे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांचा प्रतिसाद किती विलंबाने येतो यावरून यंत्र धातूची जात ताडू पाहते. चांदीच्या मोठ्या नाण्याची खूण पुष्कळशी स्पष्ट असते; परंतु मिश्र सुवर्णाच्या लहानशा अंगठीची खूण आणि त्या टाकाऊ कडीची खूण बहुधा एकाच घरात पडते. म्हणून १९७० नंतरच्या यंत्रांत नको त्या धातूचा आवाज बंद करण्याची सोय आली तेव्हा नाणी वेचणाऱ्यांनी तिचे स्वागत केले, आणि अंगठ्यांच्या शोधकांना लवकरच कळून चुकले की कडीला गप्प केले की अंगठीही गप्प होते.

समुद्रात आणखी एक विघ्न असे. खारे पाणी स्वतःच विद्युद्वाहक असल्यामुळे, एकाच कंपनसंख्येवर चालणारे यंत्र प्रत्येक लाटेसरशी खोटा आवाज देते. यावर दोन उतारे निघाले. इंग्लंडात एरिक फॉस्टर यांनी स्पंद-पद्धती रुळवली : क्षणभर प्रबळ प्रवाह सोडावा, तोडावा आणि काही मायक्रोसेकंद थांबून मग कानोसा घ्यावा; तेवढ्यात पाण्याचा प्रतिसाद विरतो, धातूचा उरतो. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात स्थापन झालेल्या माइनलॅबने पुढील दशकात अनेक कंपनसंख्या एकदम वापरणारी यंत्रे प्रचारात आणली. यांतील स्पंद-यंत्र खाऱ्या वाळूत खोलवर पोचते खरे, परंतु खिळा आणि अंगठी यांत भेद करणे त्याला जवळजवळ साधत नाही. ते बाळगणाऱ्याला लांब दांड्याच्या सच्छिद्र पोलादी पावड्याने वाजेल ते सर्व उपसावे लागते. सोनाराच्या दुकानातील केर विकत घेऊन त्यातला कणही न टाकता धुणाऱ्या आपल्याकडील झारेकऱ्यांची रीत याहून निराळी नव्हती.

मात्र उपसायचे कोठे, हे यंत्र सांगत नाही. अठरा कॅरेटची अंगठी वाळूच्या कणाहून पाचसहा पटींनी घन. ती प्रवाहाबरोबर फारशी वाहत नाही, तर लाटांनी ढवळलेल्या वाळूतून उतरत उतरत चिकणमातीच्या वा शिंपल्यांच्या घट्ट थरावर टेकते, आणि यंत्राची पोच तर वीत-दीड वीतच. म्हणून मुरलेला शोधक प्रथम मालकाची जबानी घेतो : पाणी कमरेला होते की छातीला, भरती लागली होती की ओहोटी, किनाऱ्यावरची कोणती इमारत समोर दिसत होती, थंडीने बोटे आखडली असता हात कशासाठी झटकला. मग उधाणाच्या ओहोटीची वेळ साधून, आखलेल्या पट्ट्यांतून, एक फेर दुसऱ्यावर थोडा चढवीत, तो तळ चाळतो. २००९ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथून ‘द रिंग फाइंडर्स’ ही अशा शोधकांची सूची सुरू झाल्यापासून अंगठी हरवलेल्या मनुष्याला शोधक गाठणे सुलभ झाले. वस्तू हाती आल्यावर मालकाने मर्जीनुसार बक्षीस द्यावे, असा त्यांतील पुष्कळांचा शिरस्ता आहे.

हा शिरस्ता क्षुल्लक नव्हे. शचीतीर्थाच्या जलात गळून पडलेली शकुंतलेची अंगठी ज्या कोळ्याला माशाच्या पोटात सापडली, त्याला कालिदासाने रंगभूमीवर आणले ते चोरीच्या आळाने मुसक्या बांधलेल्या स्थितीत. आणि राजाने अंगठीच्या मोलाइतके बक्षीस दिले तेव्हा त्यातला अर्धा वाटा त्याने शिपायांना देऊ केला. आपल्याकडे १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या ७१ व्या कलमाने, दुसऱ्याची सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर अमानतदाराची जबाबदारी टाकली, आणि १६८ व्या कलमाने मालकाने जाहीर केलेल्या इनामासाठी दावा करण्याचा हक्कही त्याला दिला. ज्याच्यावर संशय घ्यावयाचा त्याच्यावर विश्वास टाकावयाचा, एवढे अंतर या दोहोंत आहे.

बेलच्या यंत्रापासून आजवर धातूचा आवाज टिपण्याचे सामर्थ्य अपरिमित वाढले असले, तरी अंगठीच्या शोधकांनी दोन निवाडे यंत्राच्या अखत्यारीत कधी दिले नाहीत : काय उकरावयाचे, आणि उकरलेले कोणाचे. पहिला निवाडा पुढेमागे एखादे यंत्र निर्दोषपणे करूही लागेल. दुसऱ्यासाठी मात्र अंगठीच्या आतील बाजूस कोरलेली नावे वाचून, ती जिची तिला नेऊन देण्याची बुद्धी असलेला मनुष्यच लागेल.