एक सर्व्हर, तीन पाट्या

कोल्हापुरात उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत एकाच शेडच्या दारावर दोन-तीन फर्मच्या पाट्या सर्रास दिसतात. थोरल्या भावाची फाउंड्री, धाकट्याचा कोल्हापुरी चपलांचा व्यापार आणि घरच्या गुऱ्हाळाचा गूळ पॅक करून विकणारी तिसरी फर्म. ऑफिस एक, अकाउंटंट एक, इंटरनेटची लाईन एक. मेलचे पत्ते मात्र तिन्ही नावांचे हवेत, कारण कास्टिंग घेणाऱ्या कंपनीला चपलांच्या पत्त्यावरून कोटेशन गेलं तर तिचा विश्वास बसत नाही.

अशाच एका ऑफिसात मी मेल सर्व्हर उभा केला. तीन डोमेनसाठी तीन सर्व्हर लागत नाहीत. एक पुरतो. पण सर्व्हर एक आहे म्हणून तिन्ही डोमेनचा हिशेब एकाच वहीत लिहिला की घोळ सुरू होतो.

सर्व्हर ऑफिसात की बाहेर?

बहुतेकांना मशीन डोळ्यांसमोर हवं असतं. त्यामागची भावना मला कळते, पण कोल्हापुरात पंचगंगा विसरून चालत नाही. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं.

सर्व्हर बंद असला तरी मेल लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर तो आपल्या रांगेत ठेवतो आणि ठरावीक वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. साधारण चार-पाच दिवस तो वाट बघतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळातच पाच दिवसांची असते. त्यानंतर मेल परत जातो. पूर पाच दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला, तर आलेली ऑर्डर ग्राहकाकडे ‘पोचली नाही’ म्हणून परत गेलेली असेल.

म्हणून माझा कल सर्व्हर डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेण्याकडे आहे. ऑफिसातच ठेवायचा असेल, तर दुसऱ्या गावात एक राखीव एमएक्स, म्हणजे डोमेनचा मेल घेणारा सर्व्हर, ठेवा आणि त्याची रांगेची मुदत वाढवून घ्या. त्या राखीव सर्व्हरला तिन्ही डोमेनच्या खऱ्या पत्त्यांची यादीही द्यावी लागते. नाहीतर तो कुठल्याही नावाचा मेल घेतो, मागाहून परत पाठवतो, आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांच्या इनबॉक्समध्ये हा कचरा जाऊन पडतो.

आयपी आणि उलटी नोंद

घरगुती ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर चालवू नये. आयपी बदलता असतो, सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो पोर्ट २५ बऱ्याचदा बंद असतो आणि असे आयपी स्पॅमच्या याद्यांमध्ये आधीच असतात. स्थिर आयपी घ्या आणि त्याची पीटीआर नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद, सेवा देणाऱ्या कंपनीकडून करून घ्या. ही नोंद तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये होत नाही, आयपी ज्याचा आहे त्यालाच ती करता येते. क्लाऊडवर असाल तर पोर्ट २५ बाहेरच्या दिशेने उघडा आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा.

इथे नवख्याला प्रश्न पडतो: डोमेन तीन, मग पीटीआर कुणाच्या नावाने? सर्व्हरच्या. सर्व्हरला स्वतःचं एकच नाव असतं. फाउंड्रीच्या डोमेनखाली ‘मेल’ असं नाव घेतलं, तर ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी), पीटीआर आणि सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला ओळख देताना सांगतो ते नाव, ही तिन्ही तंतोतंत जुळली पाहिजेत. चपलांच्या आणि गुळाच्या डोमेनची एमएक्स नोंदही त्याच नावाकडे बोट दाखवते. त्यात कमीपणा काही नाही. एमएक्सचं नाव मेल वाचणाऱ्याच्या नजरेस सहसा पडतही नाही.

याचा एक फायदा सर्टिफिकेटच्या वेळी होतो. तिन्ही फर्मच्या माणसांनी आउटलुकमध्ये किंवा मोबाईलवर सर्व्हर म्हणून हेच एक नाव घातलं, की एका नावाचं सर्टिफिकेट पुरतं. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, पण मुदत थोडी, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय पहिल्याच दिवशी लावा. नवं सर्टिफिकेट आल्यावर पोस्टफिक्स आणि पेट्या सांभाळणारा डव्हकॉट दोन्ही रीलोड व्हायला हवेत, हे मात्र विसरलं जातं.

पोस्टफिक्सला डोमेन सांगण्याचे तीन मार्ग

मेल घेणं-पाठवणं हे पोस्टफिक्सचं काम. वीत्से व्हेनेमा यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी आयबीएममध्ये असताना तो लिहिला. मेल पेटीत ठेवणं आणि वाचायला देणं हे डव्हकॉट बघतो. एखादं डोमेन आपलं आहे हे पोस्टफिक्सला तीन प्रकारे सांगता येतं.

पहिला प्रकार ‘माय-डेस्टिनेशन’ यादीचा. यातल्या डोमेनचे पत्ते म्हणजे थेट लिनक्सची खाती. दुसरा व्हर्च्युअल एलियस डोमेन: इथे पेटी नसते, आलेला मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवला जातो. तिसरा व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन: प्रत्येक पूर्ण पत्त्याला स्वतंत्र पेटी. आपल्याला तिसरा हवा. माय-डेस्टिनेशनमध्ये फक्त सर्व्हरचं स्वतःचं नाव आणि लोकलहोस्ट ठेवा. एकच डोमेन दोन याद्यांमध्ये घातलं, तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो आणि मेल भलतीकडे जातो.

त्या ऑफिसात माझ्याकडून झालेली चूक इथलीच. मी पेट्यांची फोल्डरं नुसत्या वापरकर्त्याच्या नावाने केली होती, डोमेन त्यात घेतलंच नव्हतं. ‘इन्फो’ हे नाव तिन्ही फर्मना होतं. दुसऱ्या दिवशी अकाउंटंटताईंचा फोन आला, “सर, गुळाच्या पेटीत फाउंड्रीची चौकशी आलीया, बघा की जरा.” तिन्ही ‘इन्फो’ एकाच फोल्डरात उतरत होते. मेल हरवला नव्हता, पण एका फर्मचे दर दुसऱ्या फर्मच्या माणसाने वाचले होते. त्यानंतर आधी डोमेनचं फोल्डर आणि त्याच्या आत वापरकर्त्याचं, अशी रचना मी कायमची केली. लॉगिनचं नावही नुसतं ‘इन्फो’ नको, पूर्ण पत्ता हवा.

‘डोमेनवर काहीही आलं तरी घ्या’ अशी सरसकट पेटी बरेच मालक मागतात, एखादी ऑर्डर चुकू नये म्हणून. मी ती देत नाही. स्पॅम पाठवणारे अंदाजाने शेकडो नावं टाकत असतात आणि ती सगळी त्या पेटीत येऊन पडतात. ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’, ‘परचेस’ अशी ठरलेली टोपणनावं प्रत्येक डोमेनला वेगळी लिहून द्यावीत.

कोण कुणाच्या नावाने पाठवतो

मेल घेताना डोमेन वेगळी ठेवली, तशी पाठवतानाही ठेवावी लागतात. चपलांच्या फर्ममधल्या माणसाने स्वतःच्या पासवर्डने लॉगिन करून ‘प्रेषक’ म्हणून फाउंड्रीचा पत्ता लिहिला, तर साधा पोस्टफिक्स त्याला अडवत नाही. कुठल्या लॉगिनला कुठला प्रेषक-पत्ता वापरता येईल, याचा तक्ता देऊन न जुळणारा मेल नाकारण्याचा नियम घालावा लागतो. घरचीच माणसं आहेत म्हणून हे टाळू नका. एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला, तर नुकसान एका पत्त्यापुरतं राहतं.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मेल घेण्याचे नियम कडक केले. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी अटी जास्त आहेत, पण लहान ऑफिसांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच. मी दोन्ही लावतो, आणि डीमार्कही. हे सगळं प्रत्येक डोमेनसाठी स्वतंत्र करायचं असतं. फाउंड्रीचं केलं म्हणून गुळाचं आपोआप होत नाही.

एसपीएफ म्हणजे या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून निघेल ती यादी. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असते, दोन केल्या तर दोन्ही वाया. इतरांच्या याद्या जोडत गेलात, तर डीएनएसमध्ये दहापेक्षा जास्त वेळा शोध घ्यायला लागून नोंद बाद होते.

डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची सही. प्रत्येक डोमेनसाठी वेगळी किल्ली बनवा. २०४८ बिटची सार्वजनिक किल्ली डीएनएसच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, ती दोन तुकड्यांत लिहावी लागते. काही पॅनेलं हे स्वतः करतात, काही गुपचूप शेपूट कापतात. नोंद केल्यावर पुन्हा वाचून बघा.

मालकाने सगळा मेल खाजगी जीमेलवर वळवला, तर जीमेलला तो तुमच्या सर्व्हरवरून येताना दिसतो आणि मूळ पाठवणाऱ्याचा एसपीएफ नापास होतो. त्यापेक्षा मोबाईलमध्ये ऑफिसचं खातंच जोडून द्या.

डीमार्क ठरवतो की दोन्ही तपासण्या नापास झाल्या तर समोरच्याने काय करावं. सुरुवात ‘काही करू नका, फक्त अहवाल द्या’ यापासून करा. काही आठवडे अहवाल वाचा, मग ‘स्पॅममध्ये टाका’ आणि शेवटी ‘नाकारा’. तिन्ही डोमेनचे अहवाल फाउंड्रीच्या एकाच पत्त्यावर मागवायचे असतील, तर उरलेल्या दोन डोमेनचे अहवाल मी घेईन अशी परवानगीची नोंद फाउंड्रीच्या डोमेनमध्ये करावी लागते. ती नसली तर अहवाल येतच नाहीत, आणि आपण मात्र सगळं ठीक आहे असं समजून बसतो.

डीमार्कचं हे काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तुमच्याच डोमेनचं नाव प्रेषक म्हणून लावून ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे इथे पाठवा’ असा मेल ग्राहकाला जाणं ही फसवणूक खरोखर घडते. डीमार्क ‘नाकारा’वर असेल, तर ही तपासणी करणाऱ्या सर्व्हरवर तो मेल अडतो. एक अक्षर बदलून घेतलेलं दिसायला सारखं डोमेन मात्र तो अडवत नाही. त्यासाठी खातं बदलल्याचा मेल आला की फोन करून विचारायची सवय ग्राहकांनाच लावावी लागते.

देवनागरी पत्ता

‘डॉट भारत’ डोमेन देवनागरीत २०१४ पासून मिळतं. पत्त्याचा उजवा भाग देवनागरी असेल, तर काम सोपं आहे, कारण आतून तो रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात जातो. डावा भागही मराठीत हवा असेल, तर दोन्हीकडच्या सर्व्हरना एसएमटीपी-यूटीएफ-८ यायला हवं. पोस्टफिक्समध्ये ते आवृत्ती ३.० पासून आहे, पण समोरच्याकडे असेलच असं नाही. गुळाच्या फर्मला मी मराठी पत्ता दिला आणि जोडीला रोमन टोपणनावही, दोन्ही एकाच पेटीत उतरणारी.

लॉग आणि चाचणी

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी सर्व्हरचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. मुळातली सेटिंग बऱ्याचदा काही आठवड्यांनी लॉग पुसून टाकते, ती बदला. पेट्यांचा बॅकअप त्याच डेटा सेंटरमध्ये ठेवू नका.

मग तिन्ही डोमेनवरून एकेक मेल जीमेलला पाठवा आणि ‘मूळ संदेश दाखवा’ उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन ओळींपुढे ‘पास’ हवं, आणि डीकेआयएमपुढचं डोमेन प्रेषकाचंच हवं. चपलांच्या मेलवर फाउंड्रीची सही दिसली, तर किल्ल्यांच्या तक्त्यात एक ओळ राहिलेली आहे. नंतर जीमेलवरून तिन्ही ‘इन्फो’ना वेगवेगळ्या विषयाचे मेल पाठवा आणि तीन फर्मच्या तीन माणसांना आपापली पेटी उघडायला सांगा.