आतलं आत, बाहेरचं बाहेर

पेशी फोडायची, पण तिचं केंद्रक फुटू द्यायचं नाही. बेंगळुरूतल्या येलहंक्याजवळच्या एका प्रयोगशाळेत मी काही महिने प्रकल्पाचं काम केलं, त्यातले पहिले दोन आठवडे या एका वाक्यातच गेले. बर्फात रोवलेल्या ट्यूबमध्ये पेशींवर सौम्य डिटर्जंटचं द्रावण सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग ४ अंशांवर थंड केलेल्या सेंट्रिफ्यूजमध्ये बेताच्या वेगाने फिरवायचं. जमलं तर तळाशी पांढुरका ठिपका बसतो. ती केंद्रकं. वरचं पाणी म्हणजे केंद्रकाबाहेरचा पेशीद्रव. डिटर्जंट जास्त झालं किंवा पिपेट जोरात दाबलं गेलं, की केंद्रकं फुटतात, डीएनए सांडतो आणि पिपेटच्या टोकाला एकतारी पाकासारखी तार लोंबायला लागते. माझी पहिली खेप अशीच पाकात गेली. तंत्रज्ञ बाईंनी तार बघितली आणि म्हणाल्या, "होय्तु." गेलं. कन्नडचा गंध नसूनही कळलं.

फेब्रुवारीत हवाईदलाच्या तळावर एरो इंडिया या विमानप्रदर्शनाचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. तेव्हा तळाचा तो ठिपकाही सुटेल की काय, असं उगाच वाटायचं.

एवढा जीव कशासाठी टाकायचा, तर एचआयव्हीचा आरएनए केंद्रकाच्या आत किती राहिला आणि बाहेर किती आला, ते मोजायला. आमच्या ट्यूबमध्ये अख्खा विषाणू नव्हता, त्याच्या जनुकांचा एक तुकडा पेशीत घातलेला होता. प्रश्नाला तेवढा पुरतो.

हा विषाणू पेशीत शिरला की आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो थेट पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकतो. पुढे त्याच्या प्रती काढायचं काम पेशीच इमानेइतबारे करते. अखंड प्रत ९,००० अक्षरांहून लांब. पण पेशीचा शिरस्ता कडक आहे: कच्च्या प्रतीतले इंट्रॉन नावाचे मधले तुकडे कापून टोकं सांधल्याशिवाय ती केंद्रकाबाहेर सोडायची नाही. विषाणूची अडचण नेमकी इथे होते. त्याला अखंड प्रतच हवी, कारण नव्या विषाणूच्या पोटात तीच भरायची असते. कापली तर वंश बुडाला, न कापली तर दारात अडकली.

त्यावरची त्याची तोड मला आजही थक्क करते. सुरुवातीला तो पेशीचा नियम मुकाट्याने पाळतो. पूर्ण काटछाट झालेल्या, सुमारे २,००० अक्षरांच्या प्रती नेहमीच्या वाटेने बाहेर पडतात. त्यांपैकी काहींवरून रेव्ह नावाचं प्रथिन तयार होतं. जेमतेम ११६ अमिनो आम्लांचं. हे रेव्ह उलट पावली केंद्रकात शिरतं. तिथे न कापलेल्या प्रतीवर साधारण ३५० अक्षरांचा एक गुंतागुंतीच्या घड्यांचा भाग असतो, त्याला आरआरई म्हणतात. त्यावर एक रेव्ह बसतं, त्याला धरून दुसरं, मग तिसरं. रेव्हच्या अंगावर ल्युसीन या अमिनो आम्लाने भरलेली एक छोटी पट्टी असते. आम्ही तिला बिल्ला म्हणायचो. केंद्रकातून माल बाहेर नेणारं सीआरएम१ हे पेशीचं स्वतःचं प्रथिन म्हणजे फलाटावरचा हमाल. तो बिल्ला बघतो, मागे बांधलेलं गाठोडं कापलेलं आहे की अखंड, याची चौकशी करत नाही. सोबतीला रॅन नावाचं प्रथिन जीटीपी हा ऊर्जेचा रेणू घेऊन येतं, सगळे मिळून केंद्रकाच्या पडद्यातल्या छिद्रातून पार होतात. बाहेर जीटीपी मोडला की पकड सुटते, माल उतरतो आणि रेव्ह पुढच्या खेपेला परत आत.

आरआरईचा शोध १९८९ चा.   हमालाची ओळख मात्र १९९७ पर्यंत पटली नव्हती. ती पटायला लेप्टोमायसिन बी या जपानी द्रव्याची मदत झाली. मुळात ते बुरशीविरोधी म्हणून सापडलेलं. ते सीआरएम१ला असं चिकटतं, की त्याला बिल्ला धरताच येत नाही.

आमचा प्रयोग तीन ट्यूबचा होता. पहिलीत रेव्ह नाही, दुसरीत आहे, तिसरीत रेव्हबरोबर लेप्टोमायसिन. कागदावर उत्तर ठरलेलं: न कापलेला आरएनए फक्त दुसरीच्या पेशीद्रवात भरपूर दिसायला हवा. मग एवढं सापडलेलं असताना औषध का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. हमाल विषाणूचा नाही, आपला आहे, हे उत्तर. त्याला बसवलं तर पेशीची स्वतःची शेकडो प्रथिनं आत तुंबतात. लेप्टोमायसिन माणसांना सोसवलं नाही. सीआरएम१ अडवणारं सेलिनेक्सॉर अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झालं, पण मायलोमा या कर्करोगासाठी. एचआयव्हीच्या आजच्या गोळ्या विषाणूला नव्या पेशीत मूळ धरू देत नाहीत किंवा त्याची पुढची जुळणी बिघडवतात. गुणसूत्रात आधीच शिवला गेलेला विषाणू जागा झाला, तर केंद्रकातून बाहेर पडायची ही वाट त्याला मोकळीच असते.

शेवटच्या आठवड्यात तिन्ही ट्यूब एकदाच्या नीट जमल्या. पीसीआर यंत्राच्या पडद्यावर दुसऱ्या ट्यूबची रेष बाकी दोघींच्या कितीतरी आधी वर उठली; आरएनए जितका जास्त, तितकी रेष लवकर उठते. मी खुर्चीतून उठणार, तोच बाईंनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. मॅलॅट-१ची रेष बघायची बाकी होती. हा पेशीचा आरएनए केंद्रक सोडत नाही. तो पेशीद्रवात लवकर दिसला, तर केंद्रकं फुटलेली आणि आमचा सगळा हिशोब खोटा. त्याची रेष जितकी उशिरा उठेल तितकं बरं. तिशीतल्या फेऱ्या सुरू झाल्या तरी ती आडवीच पडून होती. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "आय्ता?" झालं का?

"इन्नू इल्ला," मी म्हटलं. अजून नाही.